मासे दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत

मी भांडकुदळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. अंगणवाडीसेविका म्हणून बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत मी ज्याच्याशी भांडले नाही असं माणूस आमच्या वाडीत शोधून सापडायचं नाही. वीटभट्टीच्या मुकादमाशी भांडले. ढाब्यावर कपबशा विसळणाऱ्या एका पोराला दंडाला धरून शाळेत नेऊन बसवलं, तर ढाबेवाला मला म्हणतो, "बाई, तुमच्या घरचं काय जातंय?" मी म्हटलं, "माझं काही जात नाही, त्याचं जातंय म्हणून आले." जयंतीला विहाराच्या कट्ट्यावर माझं भाषण ठरलेलं. शिक्षणावर बोलायला लागले की माईकवाला घड्याळ दाखवतो, तरी मी थांबत नाही.

दर वर्षी आम्हाला घरोघर फिरून सर्वे करावा लागतो. घरात माणसं किती, लेकरं किती, लस कुणाची राहिली, शाळेत कोण जात नाही, कामाला कोण जातं. त्या शेवटच्या रकान्यात मी ठळक अक्षरात लिहायची, "निरंक". म्हणजे आमच्या वाडीतलं एकही लेकरू कामाला नाही. लिहिताना छाती फुगायची माझी, खोटं कशाला बोलू?

आणि त्याच दिवसांत आमच्या स्वतःच्या शेततळ्यावर अकरा वर्षांची एक पोर रोज सकाळ-संध्याकाळ राबत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

आमचे हे कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत होते. रिटायर झाल्यावर चार महिने घरात बसले आणि माझ्या स्वयंपाकात लक्ष घालायला लागले. तेव्हा मीच म्हटलं, शेतात काहीतरी करा बाबा. केंदूरच्या शिवारात घराला लागूनच आमची थोडी जमीन आहे, कांद्याची. आमच्या भागात पाण्याची कायमची बोंब, म्हणून शेततळं खोदलं. खड्ड्याला आतून काळा जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यात पाणी साठवलं. मग कुणीतरी सांगितलं की नुसतं पाणी कशाला ठेवताय, मासे सोडा.

त्या कागदाला हे इतके जपायचे की काय सांगू! कुणी चप्पल घालून बांधावर गेलं तरी लांबून ओरडायचे. "टाच रुतली की गेला कागद! कागद गेला की पाणी गेलं, पाणी गेलं की मासे गेले!" लग्नात माझ्या पैठणीची एवढी काळजी केली नव्हती त्यांनी.

माशांचं आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं. म्हणून दौंड तालुक्यातल्या नदीकाठचं एक कुटुंब राखणीला आणलं. त्यांचा जन्म भीमेत गेलेला. पण नदीत आता जलपर्णी दाटलेली, पाण्याला वास, जाळ्यात माशापेक्षा कचराच जास्त. मग ही माणसं दुसऱ्यांच्या तळ्यांवर कामाला जायला लागली. आमच्याकडं नवरा-बायको आणि त्यांची मुलगी अशी तिघं आली, शेतातल्या खोलीत राहिली. बाप अबोल, खाली मान घालून काम करणारा. मी त्यांना दादा म्हणायची. आई कांद्याच्या कामाला जायची.

पोरगी मात्र अबोल नव्हती. पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "बाई, तुमच्यात कालवणात चिंच घालत्यात का कोकम?" मी म्हटलं, "टोमॅटो." तिनं कपाळाला हात लावला. "मग माशाचा जीव उगंच गेला म्हणायचा!" मला हसू आवरेना. माशांच्या जाती तिनंच मला शिकवल्या, हा रोहू, हा कटला, हा मृगळ, आणि ही मेली चिलापी, न बोलवता येती.

मासे सोडायचा दिवस आला. बोटाएवढी पिल्लं असतात ती, त्यांना बोटुकलीच म्हणतात. पिशव्यांतून आणली होती. आमचे हे पिशवी सोडायला पुढं झाले, तर दादा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "साहेब, तुम्ही नको. आमच्यात बोटुकली लेकराच्या हातानं सोडत्यात. मोठ्या माणसाचा हात गरम असतो, माशाचं बी दगावतं." त्यांनी नारळ फोडला. आमच्यात नारळ-बिरळ नसतं, मी आपली साखर वाटली, आणि पोरीला नवा फ्रॉक घातला. तिनं पाण्यात हात बुडवून गार केले आणि एकेक पिशवी अशी हळू तिरकी केली, की पिल्लांना आपण घर बदललं हे कळलंही नसेल. फार गोड दिसलं ते. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे अजून.

बोटुकली जगली. म्हणायला एकही दगावलं नाही. झालं, सगळ्यांच्या तोंडी एकच, पोरीच्या हाताला यश आहे. मग पहिलं खाद्य तिच्याच हातानं टाकायचं ठरलं. मग दुसऱ्या दिवशीचं. मग रोजचं. कुणी बसून ठरवलं असं नाही, पण एक दिवस बघितलं तर ते तिचं काम झालं होतं.

काम काय होतं, ते सांगते, कारण तेव्हा मी त्याला काम म्हणत नव्हते. पहाटे उठून शेंगपेंड आणि कोंडा भिजवायचा. तो भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरायचा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तळ्याच्या मधोमध जायचं आणि तिथं दोरीला त्या पिशव्या बांधायच्या. येताना मेलेला मासा दिसला तर उचलायचा. कडेच्या उतारावर शेवाळ धरायचं, ते अनवाणी उतरून खराट्यानं काढायचं. संध्याकाळी पुन्हा पिशव्या. हे सगळं तिनंच का करायचं? तर तराफ्याला बापाचं वजन पेलत नव्हतं, आणि उतारावर मोठं माणूस उतरलं तर कागद फाटण्याची भीती. तिचं काय, पाखरासारखं वजन. तिच्या पावलानं कागदावर वळ उठत नव्हता.

मी चहाचा कप घेऊन बांधावर उभी राहायची आणि कौतुकानं बघायची. हो, कौतुकानं! पाहुणे आले की सांगायची, "बघा, हिच्याशिवाय मासे दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत." पाहुणे म्हणायचे, काय सांगता! पोरगी तराफ्यावरनं हसायची.

शाळेत तिचं नाव घातलेलं होतं, सहावीत. मीच घातलं होतं, त्यात मागं हटणारी नाही मी. हजेरीपटावर नाव आहे म्हणजे पोर शाळेत आहे, असा आमचा सर्वे. पण आठवड्यातले तीन दिवस ती जायची, आणि त्यातले दोन दिवस बाकावर झोपायची, हे मला नंतर कळलं. अंगाला पेंडीचा आणि माशांचा वास यायचा. "मला वर्गात चिलापी म्हणत्यात," तिनं एकदा सांगितलं. मी चिडले, कोण म्हणतं नाव सांग. ती म्हणाली, "म्हणू द्या की बाई. चिलापी लवकर मरत न्हाई."

मग ती खो-खोची गोष्ट झाली. ती आठवली की मला अजून स्वतःचा राग येतो.

एके दिवशी ती पळतच आली. धाप लागलेली. "बाई, सरांनी मला खो-खोत घेतलंय! शिरूरला तालुक्याच्या मॅची हायेत!" सरांनी मैदानावर सगळ्या मुलींना पळवून बघितलं होतं आणि ही कुणाच्या हाताला लागली नव्हती. सराव रोज सकाळी साडेसहाला. तिनं फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं आणि विचारलं, "पंधरा दिवस सकाळचं खाद्य तुमी टाकाल का? तराफ्यावर न्हाई जायाचं. बांधावरनं टाकलं तरी चालतंय."

पंधरा दिवस. बांधावरून. मला गुडघेदुखी होती, हे खरं. पण आमच्या परसातून तळं किती लांब होतं? पन्नास पावलं. खरं कारण सांगू? सकाळचा तो चहा, तो निवांतपणा मला सोडवत नव्हता. आणि हेही म्हणाले असते की कुठं नवीन माणसाच्या हाती द्यायचं, मासे आता भरात आलेत. मी तिच्या गालाला हात लावला आणि लाडानं म्हटलं, "अगं वेडे, तुझ्या हाताला यश आहे. मासे दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत. उपाशी मरतील ना बिचारे."

ती माझ्याकडं बघत राहिली. जरा जास्तच वेळ. मग "बरं" म्हणाली आणि गेली.

मॅचच्या दिवशी शाळेची जीप आमच्या शेताशेजारच्या रस्त्यानं गेली. पोरी आत गाणी म्हणत होत्या. ही तराफ्यावर पिशवी बांधत होती. तिनं वर बघितलं नाही. मी विचारलं, "काय गं, तोंड का पाडलंय?" तर म्हणाली, "काय न्हाई, ऊन लागतंय डोळ्यावर." मी म्हटलं, टोपी घाल.

उन्हाळ्यात मासे काढायचे ठरले. आदल्या दिवसापासून मोटर लावून पाणी कांद्याला सोडलं, तळं निम्म्यावर आणलं. शिरूरचे मासळीवाले चाचा टेम्पो घेऊन आले. त्यांच्या तीन पिढ्या या धंद्यात, वरवंडच्या हायवेवरच्या हॉटेलांपर्यंत माल पोचवतात. टेम्पोत बर्फाचे खोके, त्यांवर ओलं गोणपाट टाकलेलं.

जाळ्याचं एक टोक एका बांधावर दादांनी धरलं, दुसरं समोरच्या बांधावर आमच्या ह्यांनी. जाळं ओढताना खालची दोरी तळाला टेकलेली राहायला हवी, नाहीतर मासे खालून निसटतात. ती पायानं दाबत पुढं सरकायला कुणीतरी पाण्यात हवं. कोण उतरणार? ती.

चाचा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ताई, पोरीला कशाला उतरवताय?"

हे म्हणाले, "मोठं माणूस उतरलं की कागद फाटतो, चाचा."

आणि मी, तेव्हा वीस वर्षं सेविका असलेली, मी काय म्हणाले? मी हसत म्हणाले, "अहो चाचा, पाण्यातच जन्मलीय ती!" मी बांधावर शेळीसाठी घास कापत होते, विळा हातात होता.

जाळं निम्म्यात, खोल पाण्यात आलं आणि अडकलं. ती बुडी मारून सोडवायला गेली. वर आली, पुन्हा बुडी मारली. आणि या वेळी वर आली ती वेगळीच आली. नुसता चेहरा, डोळे मोठे, आवाज नाही. पाय जाळ्यात गुरफटला होता. ती कडेला आली, उताराला हात लावला, आणि घसरली. पुन्हा लावला, पुन्हा घसरली. शेवाळ धरलेला तो गुळगुळीत कागद, त्यावर तिची नखं कर्र कर्र वाजत होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो. भांडं घासताना येतो, फळ्यावर खडू घासला तरी येतो.

दादांनी दोरी टाकली आणि उडी मारली. पोहणारा गडी, तिला धरलं, वर उचललं, पण त्यांचेही पाय त्याच जाळ्यात. दोघं उताराला लागायचे आणि दोघं घसरून पाण्याखाली जायचे. धरायला काही नव्हतंच तिथं. कागदाला कुठं धरणार माणूस?

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, चाचांनी नंतर सांगितलं. मी बांधावर बसले आणि विळ्यानं कागद कापायला लागले. खच्चकन एक, खाली सरकून दुसरा, तिसरा. खालची माती उघडी पडली, त्या मातीत टाच रोवली आणि उतरत गेले. हे समोरून ओरडत होते. कागद, कागद म्हणून नाही, माझं नाव घेऊन ओरडत होते. चाचांनी टेम्पोतलं ओलं गोणपाट ओढून माझ्या बाजूला उतारावर फेकलं आणि त्यावरून स्वतः खाली आले. साठीचं माणूस, चांगलं वजनदार, सरसर चालत आलं. मी तिची वेणी धरली, मग मनगट. चाचांनी दादांना धरलं.

बांधावर तिला पालथी घातली. पाणी ओकली, खोकली, रडली. तिची आई कांद्याच्या वाफ्यातून धावत येत होती. मी पोरीला मांडीवर घेतलं होतं, आणि तिचे डोळे उताराकडं गेले. फाटलेल्या कागदाकडं. तिनं माझा पदर धरला आणि म्हणाली, "बाई, कागद मी न्हाई फाडला."

अगं बाई गं! मी हंबरडाच फोडला. एवढंसं लेकरू मरता मरता वाचलं आणि त्याला माझ्या कागदाची भीती. दादा ओल्या अंगानं उभे होते. ते म्हणतात, "ताई, कागदाचं आपण बघू काय ते." मी ओरडले, "आग लागो त्या कागदाला! आणि मलाही लागो!" आमचे हे खाली मान घालून उभे होते. त्यांच्या हातातून जाळ्याची दोरी सुटली होती.

दवाखान्यात एक दिवस ठेवलं तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात आले तर तळ्यावर कुणीच नव्हतं. फाटलेला भाग पाण्याच्या वर होता, म्हणून उरलेल्या पाण्यात मासे होते. मी पेंड भिजवली. पन्नास पावलं चालत गेले आणि बांधावरून मूठ टाकली. एक क्षण पाणी शांत राहिलं. मग सगळं तळं वर आलं. तोंडं वासून, एकमेकांच्या अंगावर चढून खाल्लं मेल्यांनी. दुसरी मूठ टाकली, तीही खाल्ली. घमेलं रिकामं होईपर्यंत मी मुठी टाकत राहिले. मला एवढी लाज माझ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती.

उपाय तर इतके सोपे होते की सांगतानाही जीभ अडखळते. उतारावर गोणपाट अंथरलं की मोठं माणूस कागदावर खुशाल चालतं, चाचांनी ते सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. आमच्या माळ्यावर कांद्याच्या गोण्यांचा ढीग पडलेला होता. ह्यांनी तो काढला, शिवून त्याच्या पट्ट्या केल्या. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले. कागद चिकटवून घेतला. खाद्याचं आणि शेवाळाचं काम तिच्या आईला रीतसर पगारावर दिलं. ती दुसऱ्यांच्या कांद्यात जायची ती थांबली. पोरीचे हात कमी झाले तर घर कसं चालायचं, ही त्यांची काळजी खरी होती. भाषणानं ती गेली नसती. मी पुन्हा कधी त्यांच्यापुढं भाषण केलंही नाही.

त्या वर्षीच्या सर्वेत मी शेवटच्या रकान्यात "एक" लिहिलं. कामाचं ठिकाण, आमचा गट नंबर. काम देणाऱ्याचं नाव, माझं. वरून मॅडमचा फोन आला, "अहो ताई, ती मुलगी आता शाळेत जाते ना? मग निरंक टाका की, कशाला स्वतःला अडचणीत आणताय?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी टाकीन. या वर्षी नाही." त्यांनी फोन ठेवला.

आता ती आठवीत आहे. शिरूरला दोनदा खेळून आली. हरून आली, पण कुणाच्या हाताला लागली नाही, असं तीच सांगते. रविवारी जेवायला येते आमच्याकडं. आमचं कालवण आता चिंचेचं असतं, नाहीतर ती जेवत नाही.

मागच्या रविवारी आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. तिची आई आजारी होती म्हणून मी खाद्य टाकत होते. मासे वर आले, खळबळ उडाली. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होती. मी हिय्या करून म्हटलं, "बाळा, तुला एक सांगायचं राहिलंय. तेव्हा मी तुला खोटं बोलले. मासे दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत म्हटलं ना, तसं काही नसतं. कुणाच्याही हातचं खातात."

ती पाण्याकडंच बघत म्हणाली, "मला ठावं हुतं."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. मला ताप आला की आई टाकायची की. खायाचे."

मी मुठीतली पेंड पाण्यात सोडली. मला ती सकाळ आठवली, ते गालाला हात लावणं, आणि तिचं ते जरा जास्त वेळ बघणं. मी विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस गं मला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"तुमी बाई," ती म्हणाली. "मी कसं म्हणणार, बाई खोटं बोलत्यात म्हणून?"